तीन सेकंदांच्या आतलं बोलणं

दशांशरावांना हे नाव पडलं त्याला बरीच वर्षं झाली, पण ते कसं पडलं हे मुख्यालयात रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी सांगतंच. नोकरीला लागल्यावर त्यांनी वायरलेस सेटच्या वाटपाचा जो पहिला तक्ता केला, त्यात दर तुकडीला दोन पूर्णांक सहा दशांश सेट दाखवले होते. तेव्हाचे साहेब तक्ता हातात धरून म्हणाले, "दोन सेट दोन जवान पाठीवर घेतील. हे सहा दशांश कुणाच्या पाठीवर द्यायचं?" खोलीत हशा पिकला. दशांशराव तेवढे हसले नाहीत, कारण सहा दशांशाचं नेमकं काय करावं याचा ते खरोखरच विचार करत होते.

आता ते पन्नाशी ओलांडून तिसऱ्या मजल्यावरच्या वाटप विभागाचे प्रमुख झाले होते. अंगावर वर्दी कधी चढली नाही. साधे मुलकी नोकर. ते खिडकीला पाठ करून बसत. खिडकीतून कवायतीचं मैदान दिसे, आणि कागदावर आपण ज्यांचे आकडे इकडचे तिकडे करतो ती हीच माणसं, असं मनात आलं की त्यांचा हात अडखळे.

काम सांगायला सोपं होतं. मुख्यालयाखाली तीन बटालियन होत्या. एक मैदानात, एक नदीकाठी आणि एक डोंगरात. तिघांचेही सेट जुने झालेले. नव्या सेटसाठी जी रक्कम मंजूर झाली होती तिच्यात जेमतेम दीड बटालियनचं भागलं असतं, आणि पुढची खरेदी कधी असं विचारलं की वरचे लोक छताकडे बघत.

मागच्या वेळी सगळ्यांना थोडं थोडं असं वाटप झालं होतं. त्यात कुणी रुसलं नाही आणि कुणाचं भागलंही नाही. नवा सेट फक्त नव्याशी बोलतो, जुना जुन्याशी. त्यामुळे कंपनी कमांडरकडे नवा आणि त्याच्या हवालदाराकडे जुना असं होऊन बसलं, आणि दोघं एकाच माळावरून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवू लागले. नवे सेट शेवटी कपाटात गेले.

या वेळचे ब्रिगेडियरसाहेब नवे होते आणि त्यांना रुसव्याफुगव्यांचा कंटाळा होता. "कुणाला किती पाहिजेत हे विचारत बसू नका," त्यांनी बजावलं होतं. "विचारलं की प्रत्येकाला सगळंच पाहिजे असतं. वापर किती आहे ते बघा. जो जास्त वापरतो त्याला आधी. पैसा घालायचा तो कामाला आला पाहिजे."

दशांशरावांना हे मनापासून पटलं. माणसं आपापल्या बाजूनं बोलतात, यंत्र तसं करत नाही. सेटवरची बोलायची कळ किती वेळा दाबली आणि दर वेळी किती वेळ दाबून धरली याची नोंद सेटमध्येच राहते. ती त्यांनी तिन्ही ठिकाणांहून मागवली, आणि मोजायच्या आधी साफ केली. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ दाबलेली कळ म्हणजे बोलणं नव्हे, असं त्यांनी ठरवलं. कुणी बॅटरी तपासतो, कुणाचं कोपर लागतं, कुणी सेटवरच बसतो. हा सगळा केर त्यांनी काढून टाकला आणि राहिलेलं बोलणं मोजलं.

उत्तर अगदी स्वच्छ आलं. मैदानातली बटालियन दिवसभर बोलत होती. नदीकाठची बेताचं बोलत होती. डोंगरातली जवळजवळ गप्पच. माणसं अबोल असतील, असं दशांशरावांना वाटलं. ते स्वतः अबोल होते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

वाटप असं ठरलं: मैदानातल्या बटालियनला पूर्ण नवे सेट, नदीकाठच्या निम्म्या कंपन्यांना नवे, डोंगराला काही नाही. सोमवारी दुपारी बैठक होती आणि बैठकीत सही.

रविवारी दुपारी मेहुणा जेवायला आला.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॅप्टन, आणि डोंगरातल्या त्याच बटालियनमध्ये कंपनी कमांडर. ही गोष्ट मुख्यालयात कुणाला ठाऊक नव्हती. मेहुण्यालाही भावोजी मुख्यालयातल्या कुठल्याशा विभागात आकडेमोड करतात यापलीकडे माहिती नव्हती. कामाचं घरी बोलायचं नाही आणि घरचं कामावर न्यायचं नाही, हा दशांशरावांचा नेम होता, आणि तो त्यांना स्वस्तात पडला नव्हता. मेहुणा भरती झाला त्या वर्षी सासूबाईंनी, "पोराला जवळपास कुठं टाकता आलं तर बघा की," असं सुचवलं होतं. दशांशराव चष्मा पुसत म्हणाले होते, "मला तसं नाही करता येणार." पोरगा डोंगरात गेला. सासूबाई पुढे वर्षभर जावयाशी बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून बोलत.

"ताई! भाजी वाढ!" मेहुणा म्हणाला.

"अरे हळू! मी काय दरीपलीकडे उभी आहे?"

"सवय झाली ग!"

"ही कसली सवय? मागच्या खेपेला शेजारीण विचारायला आली होती, घरात भांडण चाललंय का म्हणून."

मेहुणा हसला. तो हसला तेही एवढ्या मोठ्यानं की कपाटातल्या बशा किणकिणल्या. "आमच्याकडे ओरडल्याशिवाय चालतच नाही. आधी शिट्टी, मग आरोळी, तेवढ्यानं भागलं नाही तर माणूस पाठवायचा."

"आणि ते तुमचे सेट?" बायकोनं विचारलं. "पाठीवर घेऊन फोटो काढला होतास तो?"

"फोटोपुरता बरा आहे तो. माझी कंपनी डोंगराच्या अलीकडे, बटालियन पलीकडे. मध्ये हा एवढा डोंगर. सेट लावला की नुसती खरखर. नियम आहे म्हणून रोज सकाळी हाक मारायची. 'ऐकू येतंय का?' उत्तर नाही. परत, 'ऐकू येतंय का?' चार-पाचदा मारायची आणि ठेवून द्यायचा डबा. तिकडून तेही तसंच करत असणार."

दशांशरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "ऐकू येतंय का?"

"मला येतंय," बायको म्हणाली. "तुम्हाला काय झालं?"

"काही नाही." त्यांनी परत एकदा घड्याळाकडे बघत तेच म्हटलं. दोन सेकंद. जरा रेंगाळून म्हटलं तरी अडीच.

"भावोजी, बरं वाटतंय ना?"

"हो, हो. तू सांग. मग निरोप कसे पोचतात?"

"पायानं. गेल्या हिवाळ्यात माझा एक पोरगा कड्यावरून घसरला. मांडी मोडली. डॉक्टर पलीकडच्या छावणीत. माणूस पाठवला, तो धुक्यात वाट चुकला. डॉक्टर आला तोवर अंधार पडला होता. वाचला पोरगा. पण चालतो तो असा." मेहुण्यानं हात तिरका करून दाखवला. हे सांगताना मात्र त्याचा आवाज आपोआप उतरला होता.

"मग मागा की नवे सेट," बायको म्हणाली.

"मागायचे कुणाकडे? यंदा म्हणे वापरावर वाटप आहे. आमचा वापर शून्य, म्हणजे आमची गरज शून्य! मुख्यालयात कुणीतरी दीडशहाणा बसलाय, ताई. आंधळ्याला म्हणतोय, तू कुठं काही बघतोस, तुला चष्मा कशाला!" आणि तो दशांशरावांकडे वळला. "तुम्ही त्याच इमारतीत असता ना? ओळखता का त्या माणसाला?"

दशांशराव ताटाकडे बघत म्हणाले, "तोंडओळख आहे."

मेहुणा गेल्यावर बायकोनं ताटं उचलली, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

"तो दीडशहाणा तुम्हीच ना?"

दशांशरावांनी मान हलवली.

"मग बदला."

"बदललं तर म्हणतील मेहुण्यासाठी बदललं."

"त्यांना कुठं ठाऊक आहे मेहुणा आहे म्हणून?"

"आज नाही. उद्या कळेल. अशा गोष्टी कळतातच. मग हेच नाही, आजपर्यंत केलेलं सगळं वाटप उकरून काढतील. कुणाचा भाऊ कुठं होता, कुणाचा पुतण्या कुठं."

"आणि नाही बदललं तर?"

याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. नाही बदललं तर पुढची खरेदी होईपर्यंत डोंगरातली माणसं रोज सकाळी खरखरीला हाका मारत राहतील, आणि मुख्यालयातला कुणीतरी त्या हाका केर म्हणून काढून टाकत राहील. पण त्यांच्याकडे जन्माची म्हणावी अशी एकच कमाई होती. तिसऱ्या मजल्यावर कुणी त्यांना हुशार म्हणत नसे, तडफदार तर नाहीच. पण दशांशरावांनी वाटलं म्हणजे कुणाकडे झुकतं माप नसणार, एवढं शत्रूही म्हणत. ती कमाई उद्या दुपारी चारचौघांत टेबलावर ठेवायची होती.

"आईला कळलं तर," बायको मध्येच म्हणाली, "ती म्हणेल, आता आठवला का माझा पोरगा."

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचले. काढून टाकलेल्या नोंदी त्यांनी परत आणल्या आणि तीन सेकंदांच्या आतल्या हाका वेगळ्या मोजल्या. डोंगरातल्या बटालियननं इतर दोघींपेक्षा कितीतरी जास्त हाका मारल्या होत्या. जवळजवळ एकीचंही पुढे बोलण्यात रूपांतर झालं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर खर्चवाल्या बाई बसत. प्रत्येक वाटपाची किंमत तपासणं हे त्यांचं काम, आणि त्या जिभेनं तिखट म्हणून सगळ्या मजल्यावर प्रसिद्ध होत्या. त्या येऊन पर्स ठेवतात न ठेवतात तोच दशांशरावांनी त्यांना सगळं सांगितलं, मेहुण्यासकट. एवढं सलग बोलताना बाईंनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता?"

"मला वाटलं, बैठकीत हे तुम्ही विचारलंत तर. म्हणजे सहज विचारल्यासारखं. की डोंगराचा आकडा एवढा कमी का. मग मी..."

"म्हणजे तुम्ही बोलणार माझ्या तोंडून? मी काय तुमचा सेट आहे?"

दशांशराव चष्मा पुसू लागले.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि आवाज जरा मऊ केला. "हे बघा. चूक तुमची, मेहुणा तुमचा, तोंडही तुमचंच लागणार. आणि एक ऐका. मेहुणा आधी सांगा. आकडे सांगून झाल्यावर मेहुणा निघाला तर चोरी पकडल्यासारखं होईल. आधी तुम्हीच सांगितलात तर ती नुसती माहिती."

"पण सगळे हसतील."

"हसतील की. तुमच्यावर हसायची त्यांना सवय आहे, नवं काय त्यात?"

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं, भिंतीवर नकाशा होता, आणि पंखा आकड्यांच्या कागदांवर बरोबर वरून वारा सोडत होता. ब्रिगेडियरसाहेब मधल्या खुर्चीवर. उजवीकडे मैदानातल्या बटालियनचे कर्नल, नव्या सेटच्या आनंदात आधीच पाय पसरून बसलेले. हे कर्नल मनानं चांगले, पण त्यांना शांतता सहन होत नसे, आणि त्यांची बटालियन त्यांच्यावरच गेली होती.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "चला. यात काही सांगायचं राहिलंय?"

दशांशराव उभे राहिले. बैठकीत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती, हे त्यांच्या उभं राहिल्यावर लक्षात आलं, पण आता बसणं आणखी वाईट दिसलं असतं.

"साहेब, डोंगरातल्या बटालियनमध्ये माझा मेहुणा आहे," ते म्हणाले.

"जरा मोठ्यानं."

"माझा सख्खा मेहुणा, साहेब. डोंगरातल्या बटालियनमध्ये. कंपनी कमांडर."

कर्नल म्हणाले, "अभिनंदन!" आणि सगळे हसले.

"हे वाटप चुकलंय," दशांशराव पुढे म्हणाले. "चूक माझी आहे. मी बोलणं मोजलं. ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं बोलणं शून्य आलं, आणि मी ती त्यांची गरज धरली. त्यांच्या हाका सगळ्यात जास्त आहेत. त्या तीन सेकंदांच्या आतल्या म्हणून मी काढून टाकल्या होत्या."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?" साहेबांनी विचारलं.

"काल. जेवताना. मेहुणा घरी आला होता."

आता मात्र कर्नलना राहवेना. "वा! वा! म्हणजे मेहुण्याला वाढता वाढता जावईबापूंना साक्षात्कार झाला! साहेब, माझाही एक मेहुणा आहे, लष्करात नाही, पण त्याला एखादा सेट चालेल का विचारू का?"

दशांशरावांचे कान लाल झाले. त्यांना अशा वेळी उत्तर कधीच सुचत नसे, घरी जाताना जिन्यात सुचे. ते एवढंच म्हणाले, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हाक मारून बघा."

साहेबांनी टोपण परत पेनावर बसवलं आणि उठले. "चला खाली."

वायरलेसची खोली तळमजल्यावर होती. मैदान, नदी आणि डोंगर अशा नावांचे तीन सेट भिंतीला लावलेले. अख्खी बैठकच खाली आली म्हटल्यावर ऑपरेटरनं गडबडीनं चहाचा कप टेबलाखाली सरकवला. साहेबांनी आधी मैदानाला हाक मारायला सांगितली. कळ दाबायच्या आत तिकडून कुणीतरी दुसऱ्या कुणाला दुपारच्या जेवणात काय आहे ते विचारत होतं. कर्नलनी खाकरून खिडकीकडे बघितलं.

"आता डोंगराची बटालियन. आणि तिला सांग, पलीकडच्या कंपनीला जोडून दे."

बटालियन लागली, पुसट पण लागली. कंपनीसाठी तिकडच्या ऑपरेटरनं हाक मारली ती इथं ऐकू येत होती. "ऐकू येतंय का?" खरखर. "ऐकू येतंय का?" खरखर. तिसऱ्या हाकेनंतर त्यानं न सांगताच थांबून म्हटलं, "साहेब, ती कंपनी लागत नाही. निरोप असेल तर द्या, उद्या सकाळपर्यंत पोचवतो."

तो हे अगदी रोजच्यासारखं सहज म्हणाला.

"आज धुकं असेल," कर्नल म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच फारसं पटलेलं दिसलं नाही.

वर येताना जिन्यातच साहेबांनी निकाल दिला. वाटप रद्द. नवं करायचं. "पण तुम्ही नाही, दशांशराव. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण तुमचा मेहुणा तिथं असताना या कामावर तुमची सही मला चालणार नाही. बाई, तुम्ही करा. आणि हे कागद ह्यांच्याकडून आजच ताब्यात घ्या."

दशांशरावांनी कागद दिले. कागदांबरोबर त्यांनी आपली टोक काढलेली पेन्सिलही दिली, ती बाईंनी परत केली. त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर त्यांचं नाव बदललं. त्यांना कुणी दशांशराव म्हणेना. सगळे भावोजी म्हणू लागले. चहावाला म्हणे, जिन्यात भेटणारे कर्नल म्हणत, टंकलेखक म्हणे. त्यात विष नव्हतं, पण एवढ्या वर्षांची कमाई एका शब्दात खर्च झाली हे त्यांना कळत होतं. मागचं काय काय उकरलं जाईल याची ते पुढे काही दिवस वाट बघत राहिले. कुणी काही उकरलं नाही. बहुधा कुणाला तेवढा वेळ नव्हता.

घरी मात्र उलटंच झालं. बायकोनं आईला फोनवर सगळं सांगितलं आणि सासूबाई खूश झाल्या. साहेबाच्या तोंडावर, चारचौघांत, 'माझा सख्खा मेहुणा' असं जावई म्हणाले, यापलीकडचं काही त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "शेवटी नातं सांगितलं म्हणायचं," असं त्या म्हणाल्याचं बायकोनं सांगितलं. दशांशरावांना ज्याची शरम वाटत होती त्याचाच तिथं मान होत होता. त्यांनी काही खुलासा केला नाही.

खर्चवाल्या बाईंची काम करायची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी वाटायला सुरुवात करण्याआधी वायरलेसच्या अधिकाऱ्याला समोर बसवून विचारलं, "सेट जुना आहे म्हणून ऐकू येत नाही, की मध्ये डोंगर आहे म्हणून?"

"डोंगर आहे म्हणून."

"नव्या सेटला तो डोंगर दिसणार नाही का?"

"दिसेल की. नव्यालाही तसाच आडवा येईल."

"मग डोंगराच्या माथ्यावर काही ठेवता येतं का, इकडचं ऐकून तिकडे सांगणारं?"

त्याला रिपीटर म्हणतात, आणि तो ठेवता येतो. एक खांब, एक पत्र्याची खोली, काही बॅटऱ्या. असे दोन रिपीटर बसवायचा खर्च बाईंनी काढला. तो एका कंपनीला नवे सेट द्यायच्या खर्चाहून कमी होता, आणि तेवढ्यात डोंगरातल्या अख्ख्या बटालियनला, आहेत त्याच जुन्या सेटवर, कंठ फुटणार होता. उरलेल्या पैशांत त्यांनी नदीकाठची बटालियन पूर्ण नवी केली. मैदानाला जे उरलं ते दिलं. कर्नलनी तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "जेवणात काय आहे हे जुन्या सेटवरही विचारता येतं, साहेब."

हे सगळं दशांशरावांनी शेजारच्या टेबलावरून, मान वर न करता ऐकलं. आणि त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की काम आपल्या हाती राहिलं असतं तर चूक सुधारायच्या भरात आपण डोंगराला भरभरून नवे सेट दिले असते, आणि ते सगळे नवेकोरे सेट दरीत बसून खरखरले असते.

रिपीटर सुरू झाले त्या सकाळी वायरलेसच्या खोलीत गर्दी होती. साहेब होते, बाई होत्या. दशांशरावांचा आता या कामाशी संबंध नव्हता, म्हणून ते दारातच उभे राहिले. कुणीतरी "या भावोजी, आत या" म्हणत खुर्ची पुढे केली.

ऑपरेटरनं डोंगरापलीकडच्या कंपनीला हाक मारली. उत्तर पहिल्याच हाकेला आलं, इतकं लख्ख की ऑपरेटरच दचकला. साहेबांनी सगळं ठीक आहे का असं विचारलं, आणि तिथंच त्यांचं चुकलं. बूट आकारानं मोठे आले होते. तंबूंचे दोर कुजले होते. बटाटे वर पोचेपर्यंत त्यांना मोड येत होते. डॉक्टर बदलून गेला होता आणि नवा आला नव्हता. टपाल तिसऱ्याच कंपनीला जात होतं. तिकडचा माणूस थांबेचना. आणि दर तक्रारीनंतर जुन्या सवयीनं तो विचारत होता, "ऐकू येतंय का?"

"येतंय," इकडचा ऑपरेटर म्हणत होता. "पुढे बोला."

"हे किती वेळ चालायचं?" साहेबांनी वैतागून विचारलं.

"बरंच साचलंय, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब आणि बाकीचे हळूहळू वर गेले. दशांशराव तक्रारी संपेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या सुट्टीत मेहुणा परत जेवायला आला तो फुगलेलाच होता. तो दीडशहाणा कोण हे एव्हाना ताईनं त्याला सांगून टाकलं होतं. जेवण अर्धं होईपर्यंत तो बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, स्वतः तिथं बसून तुम्ही आम्हाला जुनेच डबे ठेवलेत. नदीवाल्यांना सगळे नवे. आम्हाला एक खांब."

"मी त्यात नव्हतो," दशांशराव म्हणाले. "मला काढलं होतं."

"घरचा माणूस म्हणून काय उपयोग मग तुमचा?"

"काय म्हणालास?" स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "नीट मोठ्यानं बोल ना. काय रे, बरं नाहीये का तुला?"

"काही नाही झालेलं, ताई," मेहुणा म्हणाला. "भांडतोय."